हुकमाने उभारले, हुकमाने पाडले: पॉट्सडॅमचे गॅरिसन चर्च

बर्लिनच्या नैर्ऋत्येला हाफेल नदीकाठी वसलेल्या पॉट्सडॅम शहरातले गॅरिसन चर्च, म्हणजे लष्करी छावणीचे चर्च, १७३० ते १७३५ या काळात प्रशियाच्या राजाच्या हुकमाने उभे राहिले. १९६८ च्या जूनमध्ये पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाच्या इच्छेने ते सुरुंग लावून पाडले गेले. उत्तर जर्मनीतल्या बारोक वास्तुकलेचा तो एक प्रमुख नमुना होता. मात्र त्याचे बांधणे आणि पाडणे कलेच्या हिशेबात कधीच बसले नाही. दोन्ही वेळा शहराचा नकाशा कोणी तरी नव्याने आखत होते, आणि त्या नकाशात या मनोऱ्याने काय सांगावे, किंवा काय सांगू नये, हा प्रश्न होता.

फ्रेडरिक विल्हेल्म पहिला १७१३ मध्ये गादीवर आला तेव्हा पॉट्सडॅम हे जेमतेम दीड हजार वस्तीचे, दलदलीने वेढलेले गाव होते. इतिहासात ‘सैनिक राजा’ म्हणून ओळखला जाणारा हा राजा दरबारी थाटाचा तिटकारा करणारा, काटकसरी आणि फौजेच्या बाबतीत मात्र हात सैल सोडणारा. त्याची खास आवड म्हणजे उंच सैनिकांची पलटण. सुमारे एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर किंवा त्याहून उंच जवान तो युरोपभरातून पैसे मोजून, प्रसंगी पळवूनही आणवीत असे. या पलटणीला ठेवायला त्याने पॉट्सडॅम निवडले आणि गावाचे छावणी-शहर करायला घेतले. १७२२ पासून पहिला आणि १७३३ पासून दुसरा असे दोन विस्तार झाले. दलदल उपसली गेली, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कालवा खणला गेला, सरळ रेषेतले रस्ते आखले गेले आणि त्यांच्या दुतर्फा एकाच नमुन्याची घरे उभी राहिली.

बराकी बांधण्याऐवजी सैनिकांना नागरिकांच्याच घरांत ठेवण्याची रीत होती. घर राजाच्या खर्चाने किंवा मदतीने बांधायचे, घरमालकाने त्यात सैनिकांना राहायला जागा द्यायची. त्यांच्या खोल्या रस्त्याच्या बाजूला असत, म्हणजे वर्दी मिळताच ते बाहेर पडू शकत आणि पळून जाऊ लागले तर दिसत. डच कारागिरांनी यावे म्हणून लाल विटांच्या १३४ घरांचा एक स्वतंत्र मोहल्लाही वसवला गेला. तो आजही उभा आहे, पण कारागीर राजाच्या अपेक्षेइतके आले नाहीत. १७४० मध्ये राजा वारला तेव्हा शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास पोहोचली होती आणि तिच्यात गणवेशवाल्यांचा वाटा मोठा होता.

इतक्या सैनिकांची रविवारची प्रार्थना हा कवायतीइतकाच सक्तीचा भाग होता. त्यासाठी १७२० ते १७२२ मध्ये लाकडी चौकटीचे पहिले छावणी-चर्च बांधले गेले. ते दहा वर्षेही टिकले नाही. ओल्या जमिनीत पाया खचू लागला, भिंतींना तडे गेले आणि १७३० मध्ये ते उतरवावे लागले. दुसऱ्या बांधकामाचे काम फिलिप गेरलाख या वास्तुविशारदाकडे आले. या वेळी विटांचे पक्के बांधकाम करायचे ठरले. मुख्य सभागृह १७३२ च्या ऑगस्टमध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले आणि तीन वर्षांनी मनोरा पुरा झाला. त्याची उंची ८८ मीटरहून थोडी अधिक भरली.

बारोक म्हटले की डोळ्यांसमोर येतात बव्हेरियाची सोनेरी वेलबुट्टी आणि छतावरून उतरणारे देवदूत. पॉट्सडॅमचे बारोक त्या जातीचे नव्हते. चौरस बैठकीवर मजल्यामागून मजला चढत जाणारा मनोरा, कोपऱ्यांवर कोरीव फुलदाण्या आणि शस्त्रे-शिरस्त्राणांचे पुंजके, वर लाकडी सांगाड्यावर तांब्याने मढवलेले शिखर, एवढाच साज. आतले सभागृह आडवे होते. प्रोटेस्टंट उपासनेत प्रवचनाला महत्त्व असल्याने संगमरवरी प्रवचनपीठ मध्यवर्ती ठेवले होते आणि चहूकडे सज्जे होते. लुथरपंथी आणि काल्व्हिनपंथी असे दोन्ही प्रकारचे प्रोटेस्टंट ही इमारत वाटून वापरत. राजघराणे काल्व्हिनपंथी, बहुसंख्य प्रजा आणि सैनिक लुथरपंथी, त्यामुळे ही सोय करावीच लागली. पुढे १८१७ मध्ये, लुथरच्या धर्मसुधारणेला तीनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रेडरिक विल्हेल्म तिसऱ्याने दोन्ही पंथांचा एकत्र प्रभुभोजन-विधी करण्यासाठी हीच जागा निवडली.

मनोऱ्याच्या टोकावरचे वातकुक्कुट स्वतंत्र लक्ष देण्याजोगे आहे. कोंबड्याऐवजी तिथे सूर्याच्या दिशेने उडणारा प्रशियाचा गरुड होता, सोबत राजाच्या नावाची आद्याक्षरे आणि खाली तोफगोळा. सूर्यापुढेही हा हटत नाही, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद या प्रतिमेशी जोडलेले होते. सूर्य म्हणजे स्वतःला सूर्यराजा म्हणवणारा फ्रान्सचा चौदावा लुई. तो वारून तोवर वीस वर्षे झाली होती, पण टोमणा शिळा झाला असे राजाला वाटले नसावे. चर्चच्या कळसावर क्रूसाऐवजी शेजारच्या राज्याला उद्देशून इशारा, यातच इमारतीचा स्वभाव दिसतो. हाफेलच्या पलीकडून पाहिले की या मनोऱ्यासोबत सेंट निकोलस चर्च आणि होली घोस्ट चर्च असे तीन मनोरे एका नजरेत येत. आखीव नगराची ओळख म्हणून हे दृश्य शतकभर चित्रकारांनी रंगवले.

राजाला डच गोष्टींचे वेड होते, म्हणून मनोऱ्यात डच पद्धतीचा घंटांचा संच बसला. पुढे त्यातल्या घंटांची संख्या चाळीस झाली. १७९७ पासून तासाला एक स्तोत्र आणि अर्ध्या तासाला मोत्सार्टच्या एका ऑपेरातली चाल वाजू लागली. त्या चालीवर बसवलेल्या गीतात आयुष्यभर निष्ठा आणि सचोटी पाळण्याचा उपदेश होता. शहरात घड्याळ न बघता वेळ कळत असे आणि सोबत प्रशियन सद्गुणांची उजळणी होत असे. नाझींच्या काळात हीच चाल एका जर्मन रेडिओ केंद्राने आपली ओळखधून म्हणून वापरली.

सैनिक राजा १७४० मध्ये वारला आणि प्रवचनपीठाखालच्या साध्या तळघरात त्याची शवपेटी ठेवली गेली. दोन्ही बाजूंना युद्धदेव मार्स आणि युद्धदेवी बेलोना यांच्या मूर्ती होत्या. ख्रिस्ती प्रार्थनागृहात रोमन युद्धदैवते पाहून त्या काळी कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही. त्याचा मुलगा फ्रेडरिक दुसरा, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेट, याची इच्छा मात्र वेगळी होती. सांसुसी महालाच्या गच्चीवर, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी, कसलाही सोहळा न करता पुरावे, असे त्याने लिहून ठेवले होते. १७८६ मध्ये तो वारल्यावर पुतण्याने ते मानले नाही आणि ज्या बापाशी त्याचे आयुष्यभर पटले नव्हते त्याच्याच शेजारी त्याला ठेवले. इथून पुढे गॅरिसन चर्च हे जितके उपासनेचे तितकेच दर्शनाला येण्याचे ठिकाण झाले. १८०५ मध्ये रशियाचा झार पहिला अलेक्झांडर, फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा आणि राणी लुईझ यांनी फ्रेडरिकच्या शवपेटीजवळ नेपोलियनविरुद्ध एकजुटीची शपथ घेतली. ती फार काळ पुरली नाही. पुढच्याच वर्षी प्रशियाचा पाडाव झाला आणि विजेता नेपोलियन त्याच तळघरात उभा राहिला. हा माणूस जिवंत असता तर आपण इथवर पोहोचलोच नसतो, अशा अर्थाचे तो बोलल्याची आख्यायिका आहे. नेपोलियनचा पराभव झाल्यावर जिंकलेल्या फ्रेंच पलटणींची निशाणे चर्चमध्ये टांगली गेली आणि नंतरच्या युद्धांतल्या निशाणांची त्यात भर पडली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत इमारत लष्करी अभिमानाचे संग्रहालयच बनली होती.

१९१८ मध्ये राजेशाही गेली आणि चर्चचा मालक नाहीसा झाला. स्मृती तेवढ्या उरल्या. प्रजासत्ताक न रुचलेले माजी सैनिक आणि राजनिष्ठ लोक इथे मेळावे भरवू लागले. चर्चवर शिक्का मारणारा दिवस उजाडला तो २१ मार्च १९३३ रोजी. फेब्रुवारीअखेर बर्लिनची संसद-इमारत जळाली होती, मार्चच्या सुरुवातीला निवडणूक झाली होती आणि नव्या संसदेचे उद्घाटन कुठे तरी करायचे होते. नाझींना तारीखही सोयीची मिळाली. १८७१ मध्ये एकीकृत जर्मनीची पहिली संसद याच तारखेला भरली होती. सकाळी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग सेंट निकोलस चर्चमधल्या प्रार्थनेला गेले. हिटलर आणि गोबेल्स मात्र कॅथलिक प्रार्थनेला न जाता बर्लिनमध्ये आपल्या पक्षाच्या मृत कार्यकर्त्यांच्या कबरींवर गेले. दुपारी गॅरिसन चर्चमध्ये समारंभ झाला. लष्करी पोशाखातला वृद्ध सेनापती आणि काळ्या नागरी पोशाखातला नवा चॅन्सेलर समोरासमोर आले. कैसरसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. सोशल डेमोक्रॅट खासदार आले नाहीत आणि कम्युनिस्टांना बोलावलेच नव्हते. संसदेचे प्रत्यक्ष कामकाज त्याच दिवशी बर्लिनच्या क्रोल ऑपेरागृहात सुरू झाले. दोन दिवसांनी तिथेच हिटलरला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा संमत झाला.

या दिवसाचे जे छायाचित्र आज शालेय पुस्तकांत दिसते, ज्यात हिटलर मान लववून हिंडेनबुर्गशी हस्तांदोलन करतो आहे, ते अमेरिकेच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या थिओ आयझेनहार्ट या छायाचित्रकाराने चर्चच्या बाहेर टिपले. त्या वेळच्या प्रचारयंत्रणेने ते मुख्य चित्र म्हणून वापरले नव्हते, कारण नेत्याने कोणापुढे वाकावे हे तिला रुचणारे नव्हते. जुना प्रशिया आणि नवी हुकूमशाही यांच्या युतीचे प्रतीक म्हणून ते युद्धानंतर प्रसिद्धीला आले. गॅरिसन चर्चची आजची बदनामी बहुतांशी या छायाचित्राने घडवलेली आहे आणि ती अगदीच अन्यायाची म्हणता येत नाही, कारण समारंभासाठी दारे उघडून देण्यात चर्चच्या धुरिणांनी फारसा संकोच दाखवला नव्हता. त्याच चर्चच्या सभासदांत हिटलरविरोधी कटाचे काही सूत्रधारही होते, हेही नोंदवायला हवे. पॉट्सडॅमच्या नवव्या पायदळ पलटणीतले अनेक अधिकारी २० जुलै १९४४ च्या कटात सामील होते. त्यांतल्या हेनिंग फॉन ट्रेस्को यांच्या मुलांचा दृढीकरण-विधी १९४३ च्या एप्रिलमध्ये इथेच झाला.

युद्धाची झळ पोहोचण्याआधीच १९४३ मध्ये दोन्ही राजांच्या शवपेट्या सुरक्षिततेसाठी हलवण्यात आल्या. नंतर त्या थुरिंगियातल्या एका खाणीत लपवल्या गेल्या, तिथून अमेरिकन सैन्याने मारबुर्गला नेल्या आणि १९५२ मध्ये त्या दक्षिणेतल्या होहेनझोलर्न किल्ल्यात पोहोचल्या. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, ब्रिटिश हवाई दलाच्या सुमारे पाचशे विमानांनी पॉट्सडॅमवर बॉम्बफेक केली. दीड हजारांहून अधिक माणसे मेली. चर्चला थेट फटका बसला नव्हता, शेजारच्या इमारतींची आग तिथे पोहोचली. सभागृह जळून खाक झाले, मनोऱ्याचे लाकडी शिखर कोसळले आणि घंटा वितळत, आदळत खाली आल्या. विटांच्या भिंती मात्र बऱ्याचशा शाबूत राहिल्या.

पुढच्या दोन दशकांत ही वास्तू पूर्णपणे उजाड नव्हती. इथल्या मंडळींनी छावणीची ओळख टाकून १९४९ मध्ये ‘पवित्र क्रूस’ हे नाव घेतले आणि १९५० मध्ये मनोऱ्याच्या तळमजल्यावर छोटे प्रार्थनागृह थाटले. मनोरा टिकवण्याच्या दुरुस्तीला १९६० च्या दशकात सुरुवातही झाली होती. स्थापत्याच्या दृष्टीने तो वाचवता आला असता, असे वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांचे मत होते. अडचण दुसरीकडे होती. पूर्व जर्मनीला पॉट्सडॅम हे जिल्ह्याचे समाजवादी मुख्यालय म्हणून नव्याने आखायचे होते. १९५९-६० मध्ये शहरातल्या राजवाड्याचे अवशेष पाडले गेले, राजाने खणलेला शहर-कालवा बुजवला गेला आणि रुंद रस्त्यांचा नवा आराखडा तयार झाला. त्यात फौजी राजेशाहीचा मनोरा बसत नव्हता. पक्षप्रमुख वाल्टर उलब्रिश्टने १९६७ च्या भेटीत मध्यवस्तीतल्या या अवशेषाबद्दल नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर निर्णयाची चक्रे जोरात फिरली.

२६ एप्रिल १९६८ रोजी नगरसभेने पाडण्याचा ठराव केला. चार सदस्यांनी विरोधात हात वर केला. एकमताची सवय असलेल्या त्या राज्यव्यवस्थेत हे चार हात म्हणजे लहान गोष्ट नव्हती. मंडळींना भरपाई मिळाली आणि जवळच्याच कीत्सश्ट्रासे या रस्त्यावर पर्यायी इमारत मिळाली. मे महिन्यात सभागृहाच्या भिंतींपासून स्फोटांना सुरुवात झाली. मनोरा एका झटक्यात पडला नाही. शेवटचा स्फोट २३ जून या रविवारी, प्रार्थनेच्या वेळी झाला. त्याच वर्षी ३० मे रोजी लाइपझिगमध्ये विद्यापीठाचे सातशेहून अधिक वर्षे जुने आणि युद्धात शाबूत राहिलेले चर्चही सुरुंगांनी उडवले होते. तेव्हा पॉट्सडॅमची घटना काही सुटी लहर नव्हती, ते धोरण होते. होली घोस्ट चर्चचा मनोरा १९७४ मध्ये गेला आणि हाफेलवरून दिसणारे तीन मनोऱ्यांचे दृश्य संपले.

मोकळ्या झालेल्या जागेचा काही भाग व्यापून १९६९ ते १९७१ मध्ये संगणक केंद्राची पाच मजली इमारत बांधली गेली. तिच्या तळमजल्याच्या बाह्य भिंतीवर फ्रिट्झ आयझेल यांनी अठरा फलकांचे मोझाइक केले. विषय आहे माणसाने अवकाशावर मिळवलेला विजय: अवकाशवीर, अणू, यंत्रे आणि सूत्रे. राजाने तोफगोळ्यावर गरुड बसवला होता, नव्या राज्याने रॉकेट बसवले. पूर्व जर्मनीतल्या भिंतीकलेचा हा चांगला नमुना असून आज तोही वारसा म्हणून संरक्षित आहे.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फ्रेडरिक द ग्रेटचे अवशेष सांसुसीच्या गच्चीवर, अखेर कुत्र्यांच्या शेजारी पुरले गेले आणि त्याच्या बापाची शवपेटी शांतिचर्चच्या समाधिस्थळी गेली. पश्चिम जर्मनीतल्या एका सैनिकप्रणीत मंडळाने घंटांच्या संचाची प्रतिकृती आधीच तयार करवून घेतली होती. तीही १९९१ मध्ये शहराला भेट मिळाली आणि जुन्या जागेजवळच्या मैदानात बसवली गेली. तिच्यातल्या काही घंटांवरच्या कोरलेल्या मजकुरात गमावलेला पूर्वेकडचा मुलूख आणि लष्करी संघटना यांचे गौरवपूर्ण उल्लेख होते. यावरून वाद वाढल्यावर २०१९ मध्ये शहराने संच बंद केला.

चर्च पुन्हा बांधावे की नाही यावर पॉट्सडॅममध्ये पंचवीस वर्षे भांडण चालले. बाजू घेणारे म्हणत, शहराचे सौंदर्य मनोऱ्यावाचून अपुरे आहे आणि सुरुंगाने केलेला अन्याय पुसायला हवा. विरोधकांचा सवाल होता की नाझी सोहळ्याची रंगभूमी ठरलेली इमारत हुबेहूब उभी करून नेमके काय जपायचे, आणि युद्धखोरीच्या खुणांना सार्वजनिक पैसा का द्यायचा. २०१४ मध्ये विरोधकांनी नागरिकांच्या सह्यांची मोहीम यशस्वी केली, पण काम थांबले नाही. समर्थकांनी मध्यममार्ग काढला. आधी फक्त मनोरा बांधायचा आणि त्यात ब्रिटनमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या समेटवादी चळवळीशी जोडलेले प्रार्थनागृह, ग्रंथालय आणि जर्मन इतिहासाच्या काळ्या पानांवरचे प्रदर्शन ठेवायचे. लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, १९४० मध्ये कॉव्हेन्ट्रीचे कॅथीड्रल उद्ध्वस्त केले होते, त्यामुळे ही सांगड विरोधकांनाही उडवून लावता आली नाही. तरी मनोऱ्याच्या बाह्यरूपाचा इतिहास आतल्या प्रदर्शनाने बदलतो का, हा मुद्दा सुटलेला नाही.

बांधकाम २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. प्रार्थनागृहाचे उद्घाटन २०२४ च्या ईस्टर सोमवारी आणि मनोऱ्याचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हस्ते झाले. खर्च चार कोटी युरोंच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा केंद्र सरकारने उचलला. ५७ मीटर उंचीवरून पाहुण्यांना शहर न्याहाळता येते. उद्घाटनाच्या वेळी वरचे तांब्याचे शिखर बसलेले नव्हते आणि सूर्याशी भिडणारा गरुडही वर चढला नव्हता. सभागृह अजून उभे राहिलेले नाही आणि मनोऱ्याला लागूनच संगणक केंद्र उभे आहे. संगणक कधीच तिथून गेले. २०१५ पासून ते कलावंत आणि छोट्या उद्योजकांच्या कार्यशाळांनी भरलेले आहे. भाडेकरू हटायला तयार नाहीत आणि ही इमारत हटवल्याशिवाय सभागृह पुन्हा उभे करता येणार नाही.